फिक्स्ड इफेक्टवालं लॉजिस्टिक रिग्रेशन कन्व्हर्ज होत नाहीये? कुठे बघायचं आणि काय करायचं

मॉडेल रन केलं, इटरेशनच्या ओळी एकामागून एक सरकतायत, लॉग-लाइकलीहुड (मॉडेल डेटाशी किती जुळतं त्याचं माप) जवळपास हलत नाहीये पण थांबायचंही नाव नाही, आणि शेवटी एकतर 'कन्व्हर्जन्स नॉट अचीव्ह्ड' येतं किंवा आउटपुट येतं पण त्यात एखादा कोइफिशिअंट −१९ आणि त्याचा स्टँडर्ड एरर काही हजारांत. फिक्स्ड इफेक्ट (म्हणजे प्रत्येक ग्रुपला स्वतःची वेगळी पातळी) टाकून लॉजिट (म्हणजे लॉजिस्टिक रिग्रेशनच) चालवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी दिसतंच. मग बहुतेक जण लगेच इटरेशनची मर्यादा वाढवतात, टॉलरन्स सैल करतात, ऑप्टिमायझर बदलून बघतात. माझ्या मते हे सगळं अगदी शेवटी करायचं काम आहे, आणि बऱ्याचदा करायची गरजच पडत नाही.

कारण असं की साध्या लॉजिटचं लॉग-लाइकलीहुड कॉन्केव्ह असतं. म्हणजे त्यात खोटी शिखरं नसतात, अल्गोरिदम भलत्याच टेकडीवर जाऊन अडकला असं इथे होत नाही. त्यामुळे लॉजिट कन्व्हर्ज होत नसेल तर जवळपास नेहमी दोनच शक्यता उरतात. एक म्हणजे शिखरच नाहीये, चढ संपतच नाही, कोइफिशिअंट अनंताकडे चाललाय आणि तुम्ही कितीही इटरेशन दिल्या तरी तो पोचणार नाही. दुसरी म्हणजे शिखर आहे पण माथा इतका सपाट आहे की कॉम्प्युटरच्या आकडेमोडीला नेमकी जागा सापडत नाही. पहिल्याला सेपरेशन म्हणतात, दुसरी कोलिनिअरिटी (एक व्हेरिएबल जवळपास दुसऱ्यांतूनच निघणं) आणि स्केलची भानगड. फिक्स्ड इफेक्ट टाकले की पहिली शक्यता एकदम वाढते, कारण प्रत्येक ग्रुपला स्वतःचा डमी (०-१ चं व्हेरिएबल) दिला की डेटाचे छोटे छोटे तुकडे पडतात आणि छोट्या तुकड्यात सगळे शून्य किंवा सगळे एक निघणं अगदी सहज होतं.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच सेटअप धरू. मायग्रेनचे पेशंट आहेत, प्रत्येकाची महिन्यागणिक नोंद आहे, वाय म्हणजे त्या महिन्यात अटॅक आला की नाही (१ किंवा ०), एक्स म्हणजे त्या महिन्यात औषध चालू होतं की नाही, आणि प्रत्येक पेशंटचा फिक्स्ड इफेक्ट. तुमच्याकडे विद्यार्थी-परीक्षा असेल, कंपनी-वर्ष असेल, काहीही असेल, रचना हीच.

पायरी १: इटरेशनचा लॉग नीट वाचा

सगळ्यात आधी कोइफिशिअंट इटरेशनगणिक कसा सरकतोय ते बघा. नुसता शेवटचा आकडा बघून काही कळत नाही.

समजा एका पेशंटच्या चार नोंदी आहेत आणि चारही शून्य. त्याचा डमी कोइफिशिअंट अल्फा म्हणू, आणि सोपं व्हावं म्हणून दुसरं काही व्हेरिएबल धरू नका. अल्फा −५ असेल तर त्या पेशंटचा लॉग-लाइकलीहुडमधला वाटा साधारण −०.०२७. अल्फा −१० केला तर −०.०००१८. −२० केला तर शून्याच्या इतका जवळ की फरक दिसणारच नाही. म्हणजे खाली जाल तितकं लाइकलीहुड वाढतच जातं, फक्त फार फार हळू. आता न्यूटन-राफसन (शिखराकडे पावलं टाकणारा नेहमीचा अल्गोरिदम) इथे काय करतो बघा, पी म्हणजे वाय १ असण्याची प्रॉबॅबिलिटी: स्कोअर (चढ) आहे −४पी, हेसियन (चढ किती वळतो ते) आहे −४पी(१−पी), दोघांचा भागाकार केला की पाऊल येतं −१÷(१−पी), आणि पी शून्याजवळ गेला की हे पाऊल जवळजवळ बरोबर −१ होतं. म्हणजे प्रत्येक इटरेशनला कोइफिशिअंट एकेकने सरकतो, −७, −८, −९, −१०, असा. लॉगमध्ये ही चाल दिसली की सेपरेशन आहे हे नक्की समजा, पुढचं निदान करायला इतका सोपा पुरावा दुसरा नाही.

स्टँडर्ड एररचंही तसंच. वरच्याच पेशंटसाठी अल्फा −१० ला स्टँडर्ड एरर सुमारे ७४, आणि −२० ला सुमारे ११ हजार. त्यामुळे झेड व्हॅल्यू −०.१३ वरून −०.००१८ वर येते, म्हणजे कोइफिशिअंट जितका टोकाचा तितका तो 'इनसिग्निफिकंट' दिसतो! वॉल्ड टेस्टचा (म्हणजे कोइफिशिअंट भागिले स्टँडर्ड एरर, हीच झेड) हा दोष हॉक आणि डॉनर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिला होता आणि तो आजही लोकांना फसवतो. पी-व्हॅल्यू ०.९९ बघून 'या व्हेरिएबलचा परिणाम नाही' असं लिहिलेलं वाचलं की वाईट वाटतं, कारण खरं बऱ्याचदा नेमकं उलटं असतं, परिणाम इतका जोरदार असतो की तो मोजता येत नाही.

अजून एक गोष्ट, आणि ही जास्त धोक्याची. सॉफ्टवेअरने 'कन्व्हर्ज झालं' म्हटलं म्हणजे झालंच असं नाही. आर या सॉफ्टवेअरमधलं जीएलएम (लॉजिट चालवणारी कमांड) डीफॉल्टला २५ इटरेशन करतं आणि डेव्हियन्समधला (लॉग-लाइकलीहुडची उणे दुप्पट) सापेक्ष बदल १० चा −८ वा घात याच्या खाली गेला की थांबतं. सेपरेशनमध्ये डेव्हियन्स सपाट होतं पण कोइफिशिअंट चालतच राहतो, म्हणून तो कुठेतरी −१८, −२० ला असताना जीएलएम समाधानाने थांबतं आणि फार तर 'फिटेड प्रॉबॅबिलिटीज न्यूमरिकली झिरो ऑर वन' एवढी वॉर्निंग देतं. तो −१८ हा अंदाज नाहीये, ती फक्त थांबायची जागा आहे. टॉलरन्स कडक करून परत चालवा, आकडा बदलला तर तो खरा नव्हता. उलट खरा अंदाज टॉलरन्स बदलल्याने पाचव्या-सहाव्या दशांशाच्या पुढेच काय तो हलतो.

पायथन वापरणाऱ्यांनी इथे वेगळी काळजी घ्या. सायकिट-लर्नमधलं लॉजिस्टिक रिग्रेशन डीफॉल्टमध्येच एल२ पेनल्टी (कोइफिशिअंट मोठे होऊ न देणारा दंड) लावतं, तिची ताकद ठरवणारा सी = १, त्यामुळे तिथे सेपरेशन असलं तरी मॉडेल गपचूप आटोपशीर आकडे देतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आणि तिथली 'एलबीएफजीएस फेल्ड टू कन्व्हर्ज' ही वॉर्निंग (एलबीएफजीएस म्हणजे तिथला ऑप्टिमायझर) बहुतेक वेळा व्हेरिएबल स्केल न केल्यामुळे येते, ते प्रकरण वेगळं, त्यावर पुढे येतो.

पायरी २: ग्रुपच्या आतला बदल मोजा

आता डेटाकडे. प्रत्येक पेशंटसाठी वाय ची सरासरी काढा. सरासरी ० किंवा १ असलेले सगळे पेशंट बाजूला काढून मोजा, किती पेशंट आणि किती नोंदी. घटना दुर्मिळ असेल तर निम्म्याहून जास्त डेटा इथेच जाऊ शकतो, आणि हा आकडा बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका.

हे पेशंट काढून टाकले तर निकाल बिघडेल का? बीटा, म्हणजे एक्सचा (औषधाचा) कोइफिशिअंट, बिघडत नाही. वर बघितलं तसं त्या पेशंटचा अल्फा उणे (सगळे एक असतील तर धन) अनंताकडे गेला की त्याचा लाइकलीहुडमधला वाटा शून्य होतो, बीटा काहीही असो. म्हणजे त्या पेशंटकडे बीटाबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, ठेवा किंवा काढा, बीटाचा अंदाज तोच. फक्त ठेवले तर अल्गोरिदम त्यांच्या अल्फामागे उगाच धावत राहतो. स्टेटा या सॉफ्टवेअरचं एक्सटीलॉजिट फिक्स्ड इफेक्टला हे ग्रुप आपोआप काढतं आणि किती काढले ते नोटमध्ये सांगतं, आरमधलं फिक्सेस्टही सांगतं. पण जीएलएमला तुम्ही स्वतः फॅक्टर म्हणून पेशंट आयडी दिला तर ते काही काढत नाही, सगळ्यांना घेऊन बसतं, आणि मग डझनावारी डमी −१९ ला लटकलेले दिसतात.

बीटा तोच राहतो हे खरं पण निष्कर्ष कोणाबद्दल आहे ते मात्र बदलतं. उरलेले पेशंट म्हणजे ज्यांना कधी अटॅक येतो कधी येत नाही असे, मधले. ज्यांना कधीच येत नाही आणि ज्यांना दर महिन्याला येतो ते दोघेही बाहेर. म्हणून काढलेल्या आणि उरलेल्यांची तुलना करणारा एक छोटा टेबल बनवाच, वय, नोंदींची संख्या, औषधाचं प्रमाण वगैरे.

दोन बाजूंचे फिक्स्ड इफेक्ट असतील, म्हणजे पेशंट आणि महिना दोन्ही, तर हे एकदा करून भागत नाही. पेशंट काढल्यावर एखाद्या महिन्यात फक्त शून्य उरतात, तो महिना काढला की अजून काही पेशंट फक्त एकवाले होतात, मग ते काढा, परत महिने तपासा. काहीही काढायचं शिल्लक राहत नाही तोवर हे लूपमध्ये फिरवायचं. बऱ्याच लोकांचं गाडं इथे अडतं कारण ते फक्त पहिला फेरा करतात.

पायरी ३: एक्स आणि वाय ग्रुपच्या आत कसे हलतात ते बघा

सगळे निरुपयोगी ग्रुप काढले तरी अनंताकडे जाणारा कोइफिशिअंट राहू शकतो, आणि आता तो डमीचा नाही तर तुमच्या मुख्य व्हेरिएबलचा असतो.

प्रत्येक पेशंटच्या फक्त दोन नोंदी आहेत असं धरा, मग सगळं हाताने तपासता येतं. ज्यांचा वाय बदलला त्यांच्यातले ज्यांचा एक्सही बदलला तेवढेच कामाचे. समजा असे ४० आहेत. ३० जणांत एक्स आणि वाय एकाच दिशेने बदलले, १० जणांत उलट दिशेने. कंडिशनल लॉजिटचा (ग्रुपचे अल्फा न काढणारा लॉजिट, पायरी ५ बघा) अंदाज ३० भागिले १० चा नॅचरल लॉग, म्हणजे लॉग ३, १.०९९, ऑड्स रेशो (घडण्याची आणि न घडण्याची शक्यता यांचं गुणोत्तर एक्समुळे किती पट होतं) ३. इतकं सरळ आहे. आता १० च्या जागी शून्य ठेवा, सगळे ४० एकाच दिशेने. ऑड्स रेशो अनंत, आणि कंडिशनल लॉजिट काय, डमी काय, कुठलाही अल्गोरिदम इथे थांबणार नाही.

तेव्हा आपल्या डेटासाठी हे करा: एक्स आणि वाय दोन्हींतून ग्रुपची सरासरी वजा करा आणि प्रत्येक ग्रुपमध्ये दोघांच्या गुणाकाराची बेरीज काढा. ही बेरीज सगळ्या ग्रुपमध्ये एकाच चिन्हाची (किंवा शून्य) असेल तर तो एक्स संशयित. एक्स ०-१ असा असेल तर याहून सोपं, एक्स आणि वाय दोन्ही बदलणाऱ्या पेशंटमध्ये एक्स-वाय चा चार कप्प्यांचा टेबल काढा आणि रिकामा कप्पा शोधा. कॅटेगरीवाल्या व्हेरिएबलमध्ये ज्या लेव्हलला मोजून पाच-सात नोंदी आहेत तिथे आधी बघा.

एकेकटं व्हेरिएबल ठीक दिसतं पण दोन-तीन मिळून सेपरेट करतात असंही होतं, आणि ते टेबल काढून सापडत नाही. त्यासाठी लिनिअर प्रोग्रॅमिंगवर चालणारी तपासणी आहे, आरमध्ये डिटेक्टसेपरेशन नावाचं पॅकेज थेट सांगतं की कुठला कोइफिशिअंट धन अनंताकडे जातोय, कुठला उणे, कुठला ठीक. अल्बर्ट आणि अँडरसन यांनी १९८४ मध्ये कम्प्लीट सेपरेशन (व्हेरिएबल्स शून्य आणि एक पूर्ण वेगळे करतात), क्वासी-कम्प्लीट सेपरेशन (सीमेवरच्या नोंदी सोडून वेगळे करतात) आणि ओव्हरलॅप (दोन्ही मिसळलेले) अशी जी तीन भागांत वाटणी केली तीच आजही वापरली जाते: ओव्हरलॅप असेल तरच मॅक्झिमम लाइकलीहुडचा मर्यादित आणि एकमेव अंदाज अस्तित्वात असतो. स्टेटाचं साधं लॉजिट 'प्रेडिक्ट्स सक्सेस परफेक्टली' म्हणून व्हेरिएबल काढतं पण ते सगळे प्रकार पकडेलच असं नाही, त्यावर विसंबून राहू नका.

पायरी ४: घटना एकदाच होते का?

इथे जरा थांबा, कारण हा सापळा सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे आणि याचा उपाय सेटिंगमध्ये नाहीच.

मायग्रेन पुन्हा पुन्हा होतो. पण तुमची घटना मृत्यू असेल, पहिली नोकरी सोडणं असेल, कंपनी बंद पडणं असेल, तर घटना झाली की नोंदी संपतात. प्रत्येक ग्रुपचा वाय असा दिसतो: ०, ०, ०, १. एक नेहमी शेवटी. ज्यांच्या बाबतीत घटना झालीच नाही ते सगळे शून्य म्हणून आधीच गळाले. आता मॉडेलमध्ये महिना, वर्ष, वय, असं वेळेबरोबर वाढणारं काहीही टाका. ग्रुपच्या आत 'शेवटची नोंद = १' हे वेळ शंभर टक्के ओळखते. कोइफिशिअंट अनंत. महिन्यांचे डमी टाकले तरी तेच, प्रत्येक पुढचा महिना मागच्यापेक्षा वर वर ढकलला जातो.

आणि वेळ टाकली नाही तरी सुटका नाही. औषध एकदा सुरू झालं की चालूच राहतं असं असेल, म्हणजे एक्स ०, ०, १, १ असाच जातो आणि परत खाली येत नाही, तर घटनेच्या नोंदीत एक्स कधीच आधीच्या नोंदींपेक्षा कमी नसतो. मग एक पेशंटही बीटाला खाली खेचू शकत नाही, सगळे वरच खेचतात, बीटा धन अनंताकडे. औषधाने अपाय होतो म्हणून हे झालेलं नाही, नोंदींचा आकारच तसा आहे! औषध जीव वाचवणारं असतं तरी मॉडेलने हेच सांगितलं असतं. एकूण अनुभवाची वर्षं, आजवरच्या तक्रारींची बेरीज, पदवी मिळाली का, लग्न झालं का अशी 'फक्त वर जाणारी' व्हेरिएबल्स सगळी याच जातीची.

इथे पेनल्टी लावून आकडा मर्यादित करता येतो पण तो आकडा तुम्ही कशासाठी वापरणार? लिनिअर प्रॉबॅबिलिटी मॉडेल (०-१ वाय वर साधं रिग्रेशन) लावलं तर ते छान चालेल, आकडा देईल, कुरकुर करणार नाही, पण घटना नेहमी शेवटी असते ही अडचण त्यातही तशीच शिल्लक असते, फक्त दिसत नाही. खरा मार्ग म्हणजे व्यक्तीपातळीचा फिक्स्ड इफेक्ट सोडणं: डिस्क्रीट-टाइम हझार्ड मॉडेल (आजवर घटना झाली नसेल तर या महिन्यात होण्याची शक्यता मोजणारं) घ्या, वेळ डमीने धरा, ज्यांना घटना झाली नाही त्यांनाही ठेवा, आणि फिक्स्ड इफेक्ट हवाच तर वरच्या पातळीचा, म्हणजे हॉस्पिटलचा किंवा शाळेचा टाका. एक्स येणारं-जाणारं असेल, थोड्या वेळापुरतं, तर मॅक्लूर यांनी १९९१ मध्ये मांडलेलं केस-क्रॉसओव्हर डिझाइन (घटनेच्या वेळची त्याच व्यक्तीच्या इतर वेळांशी तुलना) बघा, आणि एक्सचं प्रमाणच काळाबरोबर वाढतंय अशी शंका असेल तर सुइसा यांचं १९९५ मधलं केस-टाइम-कंट्रोल (हाच प्रकार, पण काळाचा कल वजा करायला कंट्रोल गट धरून). हे निर्णय मॉडेल चालवायच्या आधीचे आहेत.

पायरी ५: डमी की कंडिशनल?

इतकं झाल्यावर कमांड निवडा. ग्रुपमध्ये नोंदी कमी असतील तर डमी टाकून साधं लॉजिट चालवू नका, जरी ते सुरेख कन्व्हर्ज झालं तरी. वरचंच उदाहरण घ्या, ३० आणि १०, प्रत्येकी दोन नोंदी. कंडिशनल लॉजिट १.०९९ देतो. डमीवाला लॉजिट २.१९७ देतो. बरोबर दुप्पट! ऑड्स रेशो ३ च्या जागी ९. दोन नोंदींच्या पॅनलमध्ये हे नेहमी होतं, सॅम्पल कितीही वाढवलं तरी, कारण पेशंट वाढले की अल्फाही तितकेच वाढतात आणि प्रत्येक अल्फा दोनच नोंदींवर ठरतो. नेमन आणि स्कॉट यांनी १९४८ मध्ये दाखवलेला इन्सिडेंटल पॅरामीटरचा प्रश्न तो हाच. नोंदी वाढतील तसा हा बायस कमी होतो.

कंडिशनल लॉजिट, जो पॅनलसाठी चेंबरलेन यांनी १९८० मध्ये मांडला, अल्फा काढतच नाही. प्रत्येक ग्रुपमध्ये एकूण किती एक आहेत ते दिलेलं धरतो आणि ते कुठल्या नोंदींवर पडले एवढंच विचारतो. म्हणून डमीचे सेपरेशन आपोआप संपतात. स्टेटात एक्सटीलॉजिट किंवा क्लॉजिट, आरमध्ये सर्व्हायव्हल पॅकेजातलं क्लॉजिट, पायथनमध्ये स्टॅट्समॉडेल्समधलं कंडिशनल लॉजिट.

पण त्याचा स्वतःचा एक त्रास आहे, मोठे ग्रुप. छेदात सगळ्या शक्य वाटण्यांची बेरीज असते: २० नोंदींत १० एक असतील तर १,८४,७५६ वाटण्या, ४० नोंदींत २० असतील तर जवळपास १३,७८५ कोटी. चांगली सॉफ्टवेअर हे एकेक मोजत नाहीत, रिकर्शनने काढतात, तरी ग्रुप शेकड्यांत गेला की वेळ फार लागतो आणि आकडे ओव्हरफ्लो होऊन 'नॉट कॉन्केव्ह' किंवा 'मिसिंग व्हॅल्यू' असं काहीतरी येतं. तेव्हा गोंधळून जाऊ नका, ते सेपरेशन नाही, निव्वळ आकडेमोडीची मर्यादा आहे. आणि गंमत अशी की जिथे ग्रुप इतके मोठे असतात तिथे डमीचा बायस छोटा असतो, त्यामुळे तिथे डमीवाला अंदाज घ्यायला हरकत नाही, शक्यतो बायस करेक्शन लावून. आरमध्ये बाइफ आणि अल्पाका ही पॅकेजेस हजारो फिक्स्ड इफेक्ट पटकन हाताळतात आणि करेक्शनही देतात. फिक्सेस्ट फार वेगवान आहे पण करेक्शन स्वतःहून लावत नाही, हे लक्षात ठेवा.

मधल्या आकाराला, दहा-पंधरा-वीस नोंदी, दोन्ही चालवून बघा. बीटा जवळ आले तर निश्चिंत. फार लांब असतील तर कंडिशनलवर भरवसा ठेवा.

पायरी ६: तरीही अनंत राहिला तर

मुख्य व्हेरिएबलच सेपरेट करत असेल तर ते मॉडेलमधून काढून टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. तुमच्याकडचं सगळ्यात बळकट व्हेरिएबल तुम्ही फेकताय, आणि उरलेल्यांचे अंदाज त्याच्याशिवाय वाकडे होतील.

दोन गोष्टी करा. पहिली, अनंत अंदाजालाही खालची मर्यादा असते ती काढा. ४० विरुद्ध शून्यवालं उदाहरण: लाइकलीहुड रेशोवर आधारलेली ९५ टक्के मर्यादा काढायची म्हणजे ८० गुणिले (एक्स आणि वाय एकाच दिशेने बदलण्याच्या) प्रॉबॅबिलिटीचा उणे लॉग ३.८४ इतका करायचा, त्यातून प्रॉबॅबिलिटी ०.९५३ येते, म्हणजे ऑड्स रेशो किमान २० च्या आसपास, वर मर्यादा नाही. किती स्पष्ट वाक्य मिळालं! 'परिणाम नेमका मोजता येत नाही पण २० पटीपेक्षा कमी असणं या डेटाशी जुळत नाही.' वॉल्डवाल्या पी-व्हॅल्यूने हीच गोष्ट ०.९९ म्हणून दडवली असती. प्रोफाइल लाइकलीहुड इंटर्व्हल (आत्ता काढली तशी मर्यादा) आणि लाइकलीहुड रेशो टेस्ट सेपरेशनमध्येही अर्थपूर्ण राहतात, वॉल्ड राहत नाही.

दुसरी, फर्थची पद्धत, म्हणजे लाइकलीहुडला छोटी पेनल्टी लावून कोइफिशिअंट अनंताकडे जाऊ न देणं. डेव्हिड फर्थ यांनी ती १९९३ मध्ये बायस कमी करायला मांडली होती आणि हाइन्झे आणि शेंपर यांनी २००२ मध्ये दाखवलं की लॉजिटमधलं सेपरेशन तिने सुटतं. आपल्या उदाहरणात ती दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिळवल्यासारखी चालते: ४०.५ भागिले ०.५, ऑड्स रेशो ८१, कोइफिशिअंट ४.३९. आरमध्ये लॉजिस्टएफ किंवा बीआरजीएलएम २. फर्थ शक्यतो कंडिशनल लाइकलीहुडवर लावा. ढीगभर डमी घालून त्यावर फर्थ लावलात तर सगळं कन्व्हर्ज होईल पण कमी नोंदींच्या पॅनलमधला इन्सिडेंटल पॅरामीटरचा बायस त्याने पूर्ण जात नाही. दोन नोंदी असतील तर दोन नोंदींतल्या फरकावर बिन-इंटरसेप्टचा लॉजिट हाच कंडिशनल लॉजिट असतो, तेव्हा त्यावर फर्थ लावणं एकदम सोपं.

बेजियन पद्धतीने कमकुवत प्रायर (कोइफिशिअंटबद्दलचा आधीचा सैल अंदाज) लावणं हाही चांगला मार्ग आहे, फक्त प्रायर बदलून निकाल किती हलतो ते दाखवा, कारण सेपरेशनमध्ये वरची बाजू बहुतांशी प्रायरच ठरवतो.

पायरी ७: आता स्केल आणि ऑप्टिमायझर

सेपरेशन नाही हे नक्की झालं आणि तरी अडतंय, तर इथे या. फिक्स्ड इफेक्टमध्ये न बदलणारी व्हेरिएबल्स (जन्मसाल, लिंग) टिकत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, पण 'जवळपास न बदलणारी' जास्त छळतात, पाच हजारांत तीन पेशंटमध्येच बदलणारं व्हेरिएबल तांत्रिकदृष्ट्या टिकतं आणि माथा सपाट करून टाकतं. प्रत्येक व्हेरिएबलचं ग्रुपच्या आतलं स्टँडर्ड डिव्हिएशन काढा, जे एकूणाच्या तुलनेत नगण्य असेल ते संशयित. वय, वर्ष आणि जन्मसाल यातले दोन असतील तर तिसरं त्यांच्यातूनच निघतं, तेही तपासा.

स्केलचं म्हणाल तर एका कॉलममध्ये लाखांतले आकडे आणि दुसऱ्यात ०.००३ असं असेल तर सरासरी वजा करून स्टँडर्ड डिव्हिएशनने भागा. वर्गाची टर्म घेताना आधी सरासरी वजा करा, मग वर्ग करा. न्यूटनवर स्केलचा परिणाम तात्त्विकदृष्ट्या होत नाही, हेसियन उलटवताना राउंडिंगचा होतो, पण एलबीएफजीएससारख्या पद्धतींवर तो खूप होतो, म्हणून सायकिट-लर्नवाल्यांनी हे पहिल्यांदा करावं. एवढं झाल्यावर इटरेशन वाढवा, सुरुवातीच्या किमती साध्या लॉजिटमधून द्या, स्टेटात डिफिकल्ट ऑप्शन लावा. आणि थांबल्यावर ग्रेडिअंट शून्याजवळ आहे ना एवढं बघून घ्या.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

टेबलच्या खाली हे असू द्या: सुरुवातीला किती ग्रुप आणि नोंदी होत्या, वाय न बदलल्यामुळे किती गळाले, एक्स बदलणारे किती उरले (हा आकडा फार कमी लोक देतात आणि खरी माहिती तिथेच असते), कंडिशनल की डमी, करेक्शन लावलं का, इंटर्व्हल वॉल्ड की प्रोफाइल. सेपरेशन होतं तर कुठल्या व्हेरिएबलमध्ये आणि कुठल्या दिशेने.

मार्जिनल इफेक्ट (एक्स बदलल्याने प्रॉबॅबिलिटी किती बदलते) मागितले तर सांगा की कंडिशनल लॉजिट अल्फा देत नाही म्हणून प्रॉबॅबिलिटीतला फरक थेट निघत नाही. काही कमांड अल्फा शून्य धरून आकडा देतात, तो वापरू नका, त्या आकड्याला कुठल्याच पेशंटचा आधार नाही. प्रॉबॅबिलिटीच्या भाषेतच बोलायचं असेल तर एक्सची ग्रुपनिहाय सरासरी जादा व्हेरिएबल म्हणून घातलेलं मुंडलाक पद्धतीचं रँडम इफेक्ट मॉडेल चालवा किंवा शेजारी लिनिअर प्रॉबॅबिलिटी मॉडेल द्या, दोन्ही सगळ्या पेशंटना धरून चालतात, फक्त त्यांचं सॅम्पल आणि कंडिशनल लॉजिटचं सॅम्पल वेगळं आहे हे त्याच पानावर लिहा आणि जमलं तर लिनिअर मॉडेल त्या छोट्या सॅम्पलवरही चालवून तिसऱ्या कॉलममध्ये टाका.